येऊरच्या जंगलात तुम्हाला नेमकं काय हवंय?

‘राष्ट्रीय उद्यानात तुम्हाला काय हवं?’ असं कुणाही ठाणेकराला विचारून बघा. शांतता हवी, स्वच्छता हवी, गाडी शक्य तितकी आतपर्यंत जायला हवी, गर्दी अजिबात नको, तिकीट नसलं तर बरं, चहा-भजीची सोय असेल तर उत्तम, आणि जमलंच तर एखादा बिबट्या दिसावा, पण लांबून. उत्तरात खोटं काहीच नसतं. अडचण एवढीच की यातल्या निम्म्या मागण्या उरलेल्या निम्म्यांच्या मुळावर उठतात. गाड्या आत गेल्या की शांतता गेली. तिकीट काढून टाकलं की गर्दी आली. भजी आली की मागोमाग कागदी प्लेटा आल्या आणि प्लेटांमागे माकडं.

जंगल सांभाळणाऱ्यांना मात्र यातून काहीतरी ठरवावंच लागतं. हातात पैसे मोजके असतात. त्यात स्वच्छतागृह बांधायचं, वाटाडे नेमायचे, की रस्ता अडवून बॅटरीवर चालणारी बस सुरू करायची? लोकांची पसंती मोजायची आणि त्यावरून उद्यान कसं चालवायचं हे ठरवायचं, यावर गेली पाऊणशे वर्षं अभ्यास चाललाय. त्यातली भाषा मोठी किचकट आहे, आकडेमोड त्याहून. पण मूळ कल्पना ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसूनही समजण्यासारख्या आहेत.

आधी जागेबद्दल दोन गोष्टी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला आपण सवयीने ‘बोरिवलीचं’ म्हणतो, पण सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात आहे. येऊर, मानपाडा, घोडबंदर रोडपलीकडचं नागला हे सगळं त्यातच येतं. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव इथेच आहेत, कान्हेरीची लेणी इथेच आहेत. २०१५मध्ये ट्रॅप कॅमेरे लावून झालेल्या मोजणीत इथे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले होते. आणि या सगळ्याला चहूबाजूंनी टॉवर लागलेले.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असलेलं बरं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जाणं हा आपला हक्क नाही, ती परवानगी आहे. ती कशासाठी मिळू शकते याची यादी कायद्यात दिलेली आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या लोकांशी कायदेशीर कामकाज. म्हणजे पर्यटन त्या यादीत आहे, पण पाचांतलं एक म्हणून. ‘आम्ही टॅक्स भरतो, आम्हाला अडवणारे तुम्ही कोण?’ हा गेटवरचा लाडका संवाद त्यामुळे पहिल्याच वाक्याला कायद्यात बसत नाही.

पैशांवरून पसंती ओळखायची

सर्वांत जुनी पद्धत लोकांना काही विचारतच नाही, ते कुठून आले एवढंच पाहते. १९४७मध्ये हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्र लिहून ही युक्ती सुचवली होती. उद्यानाभोवती वर्तुळं काढा. जवळच्या वर्तुळातून हजारी किती माणसं येतात आणि लांबच्या वर्तुळातून किती, ते मोजा. तिकीट सगळ्यांना सारखंच असलं, तरी प्रवासाचा खर्च वेगळा असतो. वर्तकनगरचा माणूस चालत येतो, कल्याणचा लोकल आणि रिक्षा करून येतो, नाशिकचा अख्खा दिवस घालवतो. खर्च वाढेल तशी येणाऱ्यांची संख्या किती झपाट्याने घसरते, त्यावरून लोकांच्या लेखी त्या जागेचं मोल काढता येतं.

पद्धत प्रामाणिक आहे, कारण लोक काय बोलतात यापेक्षा काय करतात यावर ती चालते. पण ती मागे वळून बघणारी आहे. आज आहे त्या येऊरला लोक किती किंमत देतात ते कळेल. उद्या गाड्या बंद केल्या तर काय, ते कळणार नाही. शिवाय नाशिकहून आलेला माणूस वाटेत मावशीकडे जेवून आलेला असतो. त्याचा खर्च जंगलाच्या खात्यावर लिहायचा की मावशीच्या?

मग दुसरी पद्धत आली: सरळ विचारायचं. ‘हे जंगल असंच राहावं म्हणून वर्षाला किती द्याल?’ १९८९मध्ये अलास्काजवळ एक्सॉन व्हाल्डिझ हे तेलवाहू जहाज फुटलं. जिथे बहुतेक लोक कधी जाणारही नाहीत अशा किनाऱ्याच्या नुकसानीची किंमत कशी काढायची, यावर तेव्हा मोठा वाद झाला. १९९३मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की पद्धत वापरता येईल, पण जपून. ‘किती द्याल?’ असं मोकळं विचारू नका. ‘अमुक रक्कम द्याल का, हो की नाही?’ असं विचारा.

हा सल्ला आपल्याकडे तर फारच लागू आहे. खिशातून काही जाणार नसेल, तर समोर प्रश्न विचारत उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरीचं मन राखायला माणूस ‘हो हो, पाचशे देईन की’ म्हणून मोकळा होतो. आणि उलट टोकाला ‘एक पैसा देणार नाही, सरकारने करावं’ म्हणणारा असतो. त्याच्या या शून्याचा अर्थ त्याला जंगल नकोय असा नसतो. त्याला तुमचा प्रश्नच मान्य नसतो. अभ्यासक असे निषेधाचे शून्य वेगळे काढून ठेवतात. न काढले तर निष्कर्ष सरळ उलटा निघू शकतो.

दोनपैकी एक निवडा

सध्या जास्त विश्वास आहे तो तिसऱ्या पद्धतीवर. ठाण्यात घर शोधलेल्या कुणालाही ती सांगून समजेल. घर कसं हवं म्हणून विचारलं तर सगळेच म्हणतात: स्टेशनजवळ, मोठं, हवेशीर, स्वस्त. पण नौपाड्यातलं एक बेडरूमचं जुनं घर आणि कासारवडवलीतलं दोन बेडरूमचं नवं घर, दोन्ही एकाच किमतीत समोर आली, की खरं काय ते बाहेर येतं. कशासाठी काय सोडायला तयार आहात, हे निवड केल्याशिवाय तुमचं तुम्हालाही ठाऊक नसतं.

अभ्यासक तेच कार्डावर करतात. समजा, असं एक कार्ड उपवनच्या कट्ट्यावर कुणाच्या हातात दिलं. पर्याय ‘क’: तिकीट ३० रुपये, खासगी गाडी पाड्यापर्यंत नेता येईल, एका सकाळी वाटेवर तीनशे माणसं, खाण्याचे स्टॉल आहेत, स्वच्छतागृह फक्त गेटवर. पर्याय ‘ख’: तिकीट १०० रुपये, गाडी बाहेर ठेवून बॅटरीच्या बसने आत, वाटेवर साठ माणसं, स्टॉल नाहीत, पाड्यातला वाटाडा सोबत, स्वच्छतागृह वाटेच्या मध्यावर. आणि पर्याय ‘ग’: दोन्ही नको, मी येणारच नाही.

काका चष्मा वर करून तिकिटाचा आकडा बघतात आणि ‘क’वर बोट ठेवतात. “शंभर रुपये? चालायचे?” काकू कार्ड हातातून घेतात. “अहो, शेवटची ओळ वाचलीत का? तीन तास आत फिरायचं, तर बायकांनी आधी काय बघायचं? ताई, माझं ‘ख’ लिही. यांचं वेगळं लिही.”

प्रसंग रचलेला आहे, पण कार्डाचं सगळं मर्म त्यात आहे. काकूंना नुसतं ‘काय आवडतं’ विचारलं असतं तर त्या ‘निसर्ग’ म्हणाल्या असत्या. पर्यावरण पर्यटनाच्या माहितीपत्रकावर नेहमी धनेश किंवा बिबट्याचा फोटो असतो, संडासाचा कधी नसतो. निवड करताना मात्र तो वरचढ ठरू शकतो.

प्रत्येकाला अशी सहा-आठ कार्डं दाखवतात, दरवेळी आकडे बदलून. मग शेकडो लोकांच्या निवडींतून प्रत्येक गोष्टीचं वजन काढतात. समजा, तिकीट दहा रुपयांनी वाढलं की पर्यायाचं वजन दोन गुणांनी घटतं, आणि वाटेवरची गर्दी निम्मी झाली की सहा गुणांनी वाढतं. म्हणजे निम्म्या गर्दीची किंमत या लोकांच्या लेखी तीस रुपये. तीस रुपये कुणालाही थेट विचारलेले नाहीत. ते निवडींतून गाळून आले.

यामागचं गणित पक्कं केलं ते डॅनियल मॅकफॅडन यांनी. त्यासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांची परीक्षा जंगलात नाही, लोकलमध्ये झाली म्हणायला हरकत नाही. १९७२मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट ही नवी रेल्वे सुरू झाली. ती सुरू होण्याआधी सरकारी अंदाज होता की १५ टक्के लोक कामावर जायला ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या पद्धतीने आकडा आला ६.३ टक्के. प्रत्यक्षात वापरली ६.२ टक्क्यांनी. अजून अस्तित्वातच नसलेल्या सोयीबद्दल लोक काय करतील, हे निवडींवरून सांगता येतं, ही या पद्धतीची खरी कमाई. म्हणून ‘येऊरमध्ये गाड्या बंद केल्या तर?’ या प्रश्नाला तीच उपयोगी पडते.

सरासरी पर्यटक कुठेच राहत नाही

आकडे आले की पहिला मोह होतो तो सरासरी काढण्याचा. इथेच बहुतेक योजना फसतात. पहाटे सहाला दुर्बीण घेऊन काटेसावरीखाली मान वर करून उभे राहणारे पक्षीवाले, रोज ठरावीक वळणापर्यंत जाऊन परतणारे मॉर्निंग वॉकवाले, रविवारी डबे घेऊन आलेलं कुटुंब, आणि वाढदिवसाचा केक व ब्लूटूथ स्पीकर घेऊन आलेली दहा पोरं. यांची सरासरी काढली तर मध्यम आवाजाचा स्पीकर आणि अर्धी दुर्बीण मिळेल. अशी जागा कुणालाच नको असते.

म्हणून चांगल्या पाहणीत लोकांचे गट पाडतात, आणि मग प्रश्न बदलतो. ‘लोकांना काय हवं’ याऐवजी ‘कुणाला कुठे पाठवायचं’ असं विचारावं लागतं. अमेरिकेच्या वनखात्यात १९७९च्या सुमारास यासाठी एक चौकट तयार झाली. एका टोकाला सोयींनी भरलेली जागा, दुसऱ्या टोकाला अजिबात न छेडलेलं रान, आणि मध्ये पायऱ्या. प्रत्येक पायरीवर वेगळा पर्यटक समाधानी. सगळी जागा एकाच पायरीवर आणली की बाकीचे हरले.

आपल्या उद्यानात ही चौकट अर्धवट का होईना, दिसते. बोरिवलीच्या गेटच्या बाजूला सफारी, नौकाविहार, ‘वनराणी’ या छोट्या झुकझुकगाडीचे रूळ. गर्दी तिथेच जिरते, आणि जिरावी म्हणूनच ती जागा आहे. पुढे कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता. त्यापुढे शिलोंड्यासारख्या, परवानगी घेऊन वाटाड्याबरोबर जायच्या पायवाटा. आणि आत तुळशीच्या पाणलोटातलं जंगल, जिथे पर्यटकाचं काहीच काम नाही. बोरिवलीच्या त्या जत्रेला नावं ठेवणारे निसर्गप्रेमी मला कधीच पटले नाहीत. ती जत्रा तिथे आहे म्हणून आतलं रान रान आहे.

येऊरचं दुखणं असं, की ते कुठल्या पायरीवर आहे हे कुणी नीट ठरवलेलंच दिसत नाही. एकीकडे राष्ट्रीय उद्यानाचं गेट, दुसरीकडे पाडे, मध्ये खासगी जमिनी, बंगले, हॉटेलं, टर्फ. उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ साली अधिसूचित झालं, तरी रात्रीचा आवाज आणि दिवे यांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. इथे बोरिवलीसारखी सोयींची जागाही नाही आणि शिलोंड्यासारखी शिस्तही नाही.

किती माणसं म्हणजे फार?

इथे धारणक्षमता, म्हणजे एखादी जागा किती माणसं झेलू शकते, हे प्रकरण येतं. भारतात व्याघ्र प्रकल्पांसाठी २०१२मध्ये पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात रोज किती गाड्या सोडायच्या हे ठरवण्याची रीत दिली आहे. रीत तीन टप्प्यांची आहे. आपण ती येऊरच्या एका काल्पनिक पायवाटेला लावू.

वाट चार किलोमीटरची, एकाच दिशेने जाणारी. दोन गटांत दोनशे मीटरचं अंतर ठेवायचं, म्हणजे एका वेळी वीस गट. सकाळचे चार तास वाट खुली, एका गटाला दोन तास लागतात, म्हणजे दोन फेऱ्या, चाळीस गट. गटात सहा माणसं धरली तर २४०. हा झाला जागेचा हिशेब. आता त्यातून जंगलाची अडचण वजा करा. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत एक चतुर्थांश कमी केले: १८०. पावसात वाट निसरडी होते आणि मातीची धूप होते म्हणून आणखी तिसरा हिस्सा गेला: १२०. शेवटी बघायचं, सांभाळणारी माणसं किती आहेत. वाटेला आठ वनरक्षक आणि वाटाडे लागतात, आणि आहेत चार. म्हणजे क्षमता निम्मी: ६०.

शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. १२० आणि ६० यांतला फरक जंगलाने पाडलेला नाही. तो रिकाम्या पदांनी पाडलाय. पर्यटकांची संख्या वाढवायची मागणी करणाऱ्यांनी आधी वनरक्षकांच्या भरतीची मागणी केली, तर आकडा आपसूक वाढेल.

या हिशेबावर आक्षेपही आहेत, आणि ते खरे आहेत. साठ माणसं गुपचूप जाऊन आली तर रानाला पत्ता लागत नाही. सहा माणसं स्पीकर घेऊन गेली तर पाणवठा संध्याकाळभर ओस पडतो. म्हणून १९८५च्या सुमारास अमेरिकेत दुसरा विचार पुढे आला: माणसं मोजण्याऐवजी बदल मोजा. जंगलात माणूस गेला की काहीतरी बदलणारच; किती बदल चालेल ते आधी ठरवा. वाट दीड मीटरपेक्षा रुंद व्हायला नको. एका किलोमीटरमागे कचऱ्याचे पाचांहून जास्त तुकडे सापडायला नकोत. पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यात महिनाभर सांबर आलंच नाही तर ती धोक्याची खूण. ठरलेली रेघ ओलांडली की नियम कडक करायचे, तोवर नाही. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. ते ठरवायचे असतात स्थानिकांनी, अभ्यासकांनी आणि वनखात्याने एकत्र बसून. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणिगणना येऊरमध्येही होते. अशा नोंदी दरवर्षी एकाच रीतीने ठेवल्या तर या कामाचा पाया तयारच आहे.

लोकांची पसंती आणि ही रेघ यांची सांगड कशी घालतात, त्याचं छान उदाहरण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे डेलिकेट आर्च नावाची दगडी कमान आहे. १९९०च्या दशकात पर्यटकांना त्या कमानीचे फोटो दाखवले. संगणकावर माणसं कमी-जास्त करून बनवलेले, अगदी रिकाम्यापासून खच्चून भरलेल्यापर्यंत. कुठवर चालेल, ते विचारलं. त्यातून एका वेळी तीस माणसांची मर्यादा ठरली. पण कमानीजवळ शिपाई उभा केला नाही. तीस माणसं होतील एवढ्याच गाड्या लागतील, असा पार्किंगच्या जागेचा हिशेब बांधला. गर्दी कमानीपाशी न आवरता, दीड मैल आधी, गाडी लावायच्या जागेपाशीच आवरली. येऊरला जायला ठाण्याच्या बाजूने मुख्य रस्ता एकच आहे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

अर्थात पुढे तिथली गर्दी पार्किंगनेही आवरेना, आणि २०२२मध्ये वेळेचं आरक्षण आणावं लागलं. गर्दी कमी करायच्या प्रत्येक उपायात कुणीतरी गळतंच. तिकीट वाढवलं तर गरीब गळतो. ऑनलाइन आरक्षण ठेवलं तर ज्याला मोबाइलवर ते जमत नाही तो. रांग ठेवली तर ज्याला अर्धाच दिवस सुट्टी आहे तो. सोडत काढली तर नशीब नसलेला, पण तो निदान कुठल्या एका वर्गातला नसतो. मला विचाराल तर आठवड्यातले काही दिवस महापालिका शाळांसाठी राखून ठेवावेत आणि उरलेल्या दिवसांचं तिकीट बिनधास्त वाढवावं. ज्याला शंभर रुपये जड जातात तो आणि गेटवर एसयूव्ही लावून घासाघीस करणारा, यांत फरक करायला हवा.

ज्यांना कुणी विचारत नाही

आता पाहणीची सर्वांत मोठी गोम. गेटवर उभं राहून जे आत आले त्यांनाच आपण विचारतो. जे येणं सोडून गेले, ते कार्ड भरायला कुठून असणार?

समजा, पंधरा वर्षांपूर्वी येऊरला येणारे पक्षीनिरीक्षक गोंगाटाला कंटाळून तानसा अभयारण्याकडे वळले. त्यांची जागा गोंगाट चालणाऱ्यांनी घेतली. आता पाहणी केली तर गर्दीबद्दल तक्रार पूर्वीपेक्षा कमीच निघेल! अहवालात ‘बहुसंख्य पर्यटक समाधानी’ असं छापून येईल, आणि ते खरंही असेल. दरवर्षी थोडी गर्दी वाढते, दरवर्षी थोडे नाराज लोक निघून जातात, आणि समाधानाचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून घराघरांत जाऊन, न येणाऱ्यांनाही विचारलेली पाहणी गेटवरच्या पाहणीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते. महाग पडते, म्हणून होत नाही.

दुसरे राहून जातात ते आत राहणारे. येऊरमध्ये पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा असे आदिवासींचे पाडे आहेत. पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात शेवळं, मग कंटोळी, टाकळा, कुलू घेऊन बसणाऱ्या बायका दिसतात, त्यांतल्या काही इथल्या. पाड्यात राहणाऱ्या बाईच्या हातात ते ‘क’ आणि ‘ख’चं कार्ड दिलं तर ती काय निवडेल? तिच्यासाठी ही पर्यटनाची जागाच नाही. तिला हवं ते कार्डावर कुठे छापलेलंच नसतं: रात्री गाड्यांची ये-जा नसावी, पोरांना शाळेला जायला बस असावी, पाण्याची वाट पर्यटकांनी घाण करू नये, आणि वाटाड्याचं काम द्यायचं तर ते रविवारपुरतं नसावं, महिन्याचं असावं. कार्ड तयार करण्याआधी तिच्याशी बोलणं झालं असेल, तरच या ओळी त्यात येतील. कार्डावर काय छापायचं हे ठरवणाऱ्याच्या हातातच निम्मा निकाल असतो.

आणि तिसरे, ज्यांना विचारताच येत नाही. यासाठी येऊरहून खाली खाडीवर यायला हवं.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, २०२२मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या बोटी सुटतात. बोटीचं वेळापत्रक घड्याळावर नसून भरती-ओहोटीवर असतं. ओहोटी लागते, चिखल उघडा पडतो, आणि दूरवर एक गुलाबी रेघ दिसायला लागते. जवळ गेलं की रेघेची माणसांच्या रांगेसारखी ओळ होते: हजारो पक्षी माना खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत पुढे सरकतायत. बोटीत सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. “भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना!” हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. बोटवाला इंजिन मंद करतो. कडेच्या दहा-बारा पक्ष्यांच्या माना वर येतात. ते खाणं थांबवून बघतायत. आणखी थोडं पुढे, आणि ते चालायला लागतात. त्याहून पुढे गेलं की अख्खा थवा उडतो, आणि बोटीतून आनंदाचा चीत्कार उठतो, कारण उडताना पंखांचा खरा गुलाबी रंग दिसतो.

पर्यटकाच्या कार्डावर या क्षणाला सर्वांत जास्त गुण मिळतील. पक्ष्याच्या हिशेबात हा तोटा आहे. चिखल उघडा असतो तेवढेच तास त्याला पोट भरायला मिळतात. भरती आली की थवे नेरूळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर जाऊन थांबतात. ओहोटीतली दहा मिनिटं उडण्यात गेली, की ती भरतीत भरून काढता येत नाहीत. म्हणून अभ्यासक पसंती मोजत नाहीत, अंतर मोजतात: किती मीटरवर मान वर आली, किती मीटरवर पक्षी चालू लागला, किती मीटरवर उडाला. बोटीची मर्यादा यातल्या पहिल्या अंतराच्या बाहेर ठेवायची असते, म्हणजे मान वर यायच्या आधी. त्या अंतरावरून मोबाइलमध्ये चांगला फोटो येत नाही. येणारच नाही. त्यावर उपाय बोट पुढे नेणं हा नव्हेच. बोटीत दोन-चार बऱ्या दुर्बिणी ठेवल्या तर काम भागतं.

पर्यटकांच्या पाहणीची जागा मला इथे नीट दिसते. अंतर किती ठेवायचं, हे लोकांना विचारायचं नाही. ते पक्षी ठरवतात. त्या अंतरावर थांबून लोकांना काय दिलं तर ते खूष होतील, हे मात्र लोकांनाच विचारायला हवं. दुर्बीण हवी, मराठीत सांगणारा माहीतगार हवा, की बोटीत सावली हवी? पसंतीची कार्डं या दुसऱ्या प्रश्नासाठी उत्तम चालतात. पहिल्यासाठी वापरली तर नुकसान करतात.

तेव्हा कधी येऊरच्या गेटवर किंवा ऐरोलीच्या जेट्टीवर कुणी तुमच्या हातात असं कार्ड दिलं, तर घाईत टिकमार्क करू नका. त्यात ‘दोन्ही नको’ असा पर्याय आहे का ते आधी बघा. नसेल तर तुम्हाला नको असलेल्या दोन गोष्टींतून एक निवडायला लावलं जातंय, आणि ते तुमची पसंती म्हणून मोजलं जाणार आहे. पाड्यातल्या लोकांना विचारलंय का, हे कार्ड देणाऱ्या मुलीला विचारा. तिला माहीत नसेल, तिच्या सरांना माहीत असेल. आणि तिकिटाच्या ओळीवर खरं बोला. तुम्ही तिथे जो आकडा मान्य कराल, तो पुढेमागे गेटवरच्या पाटीवर लिहिला जाऊ शकतो.